ओळखीचे सर

सर वर्गात शिरण्याआधी दार वाजवत. दार सताड उघडं असे, आत बसलेले आम्ही त्यांना दिसत असू, तरी ते उंबऱ्याबाहेर थांबत, दोन बोटांनी चौकटीवर टकटक करत आणि विचारत, "येऊ का?"

पहिल्या दिवशी कुणी उत्तरच दिलं नाही. आम्हाला वाटलं, हे कुणी वीजबिलवाले किंवा पंखा दुरुस्त करणारे असतील. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट, एका पायाची पँट सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्याजवळ दुमडलेली. आम्ही गप्प, ते बाहेर. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "या ना सर, तुमचाच क्लास आहे."

तेव्हा ते आत आले. दुपट्टा सोडून टेबलावर ठेवत म्हणाले, "माझा नाही गा. क्लास तुमचा. मी पाहुणा आहे. पाहुण्यानं विचारून यावं."

आमचं कॉलेज नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वरच्या रस्त्यावर, अर्धवट बांधलेल्या घरांच्या लेआउटच्या मधोमध उभं होतं. नवीन होतं, लहान होतं, आणि त्या वर्षी त्यांनी एक नवीन टूम काढली होती. शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षाच्या प्रत्येकानं चार विषयांची तोंडओळख करून घ्यायची. विज्ञानाची ओळख, व्यापाराची ओळख, कायद्याची ओळख, संगणकाची ओळख. कल्पना चांगली होती, फक्त शिकवायला माणसं नव्हती. मग तासिका तत्त्वावर एकच माणूस आणला गेला. त्याच्याकडे भौतिकशास्त्राची पदवी होती, नंतर त्यानं कायदा केला होता, मधली काही वर्षं इतवारीत एका भांड्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळले होते आणि संगणक तो स्वतःच शिकला होता. चारही पेपर त्याच्या गळ्यात पडले. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, ओळखीचे सर. नवीन कुणी विचारलं की, "ते कोणाच्या ओळखीचे?" तर सगळे हसायचे.

त्यांच्या वर्गात एक शब्द वर्ज्य होता. "सोपं." एखादा हुशार मुलगा उठून म्हणाला की, "सर, हे तर सोपं आहे," तर सर खडू खाली ठेवत. "तुले सोपं वाटलं, ठीक. पण तू ते मोठ्यानं म्हटलं तं बाजूचा ज्याले नाही समजलं, तो आता कधीच विचारणार नाही. तू त्याचं तोंड बंद करून राहिला." मग त्या मुलाला तेच समोर येऊन सगळ्यांना समजावून सांगावं लागे. बहुतेकदा मध्येच त्याची गाडी अडे आणि सर खूश होत.

दुसऱ्या वर्षाला शिकवा म्हणून त्यांना प्राचार्यांनी विचारलं होतं. तासही जास्त मिळाले असते. सरांनी नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या वर्षी पोरं शहाणी होतात सर. मले शहाण्या माणसाची भीती वाटते." प्राचार्यांना हा विनोद वाटला. मला वाटतं, ते खरंच बोलत होते.

व्यापाराची ओळख करून द्यायला ते आम्हाला इतवारीत घेऊन गेले होते. भांड्यांच्या गल्लीत, हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. एक हातगाडीवाला खोळंबला आणि ओरडला. सर खाली उतरले, त्याच्याजवळ जाऊन अगदी नम्रपणे म्हणाले, "भाऊ, पोरं शिकून राहिले. जरा वेळ इथं उभे राहू का?" तो माणूस इतका गोंधळला की त्यानं गाडी बाजूला लावली आणि स्वतःही ऐकत थांबला. अर्ध्या तासानं त्याला आठवलं की त्याला माल पोचवायचा होता.

पण या सगळ्यापेक्षा चमत्कारिक होता त्यांचा घरचा अभ्यास. लिहून आणायचं काहीच नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "प्रत्येकानं आपल्या घरी एक विद्यार्थी धरायचा. कोणीही चालते. आजी, भाऊ, शेजारी. आज इथं जे ऐकलं, ते त्याले सांगायचं. आणि उद्या येताना त्याचा एक प्रश्न घेऊन यायचा. तुमचा प्रश्न मले नको."

"सर, त्याला समजलंच नाही तर?" एका मुलीनं विचारलं.

"तं मग तुलेही नाही समजलं वं. मी पुन्हा सांगतो."

माझ्या घरी आई दिवसभर कामात, बाबा सिंचन विभागात कारकून, संध्याकाळी थकून येणारे. उरली आत्या.

आत्या बाबांची धाकटी बहीण. बारावी होताच तिला कळमेश्वरला दिली होती आणि काही वर्षांनी ती परत आली होती. का आली, हे घरात कुणी बोलत नसे. तिच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. बाबा तिची फार काळजी घेत. तिला मशीन घेऊन दिली होती, ती समोरच्या खोलीत बसून ब्लाउज शिवायची. पण ती बोलायची नाही. जेवायला ये म्हटलं की यायची, कसं आहे विचारलं की ठीक म्हणायची. माझ्या आठवणीतली सगळी वर्षं ती अशीच होती, त्यामुळे मला वाटायचं, आत्या म्हणजे अशीच असते.

मी तिला विद्यार्थिनी धरलं याचं कारण एवढंच की ती एका जागी बसलेली असायची. पळून जाणार नव्हती.

पहिला धडा कूलरचा होता. सरांनी विचारलं होतं, मे महिन्यात कूलर खोली गार करतो, मग जुलैत काहून नाही करत? हवेत आधीच ओल असली की पाणी उडत नाही, उडालं नाही तर गारवा नाही, असं त्यांनी समजावलं होतं. मी ते मशीनच्या आवाजात ओरडून आत्याला सांगितलं. तिनं पाय थांबवला. म्हणाली, "तसं नाही. जुलैपर्यंत कूलरच्या जाळीतला वाळा सडते. आपण बदलत नाही आळसानं. म्हणून गार नाही होत."

हे मी सरांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते चूक म्हणतील. ते म्हणाले, "होऊ शकते. तिले म्हण, नवीन वाळा लावून पाह्य."

आत्यानं खरंच नवीन वाळा आणून लावला. आम्ही दोघी भर जुलैत कूलरसमोर बसलो. खोली चिकचिकीत झाली, आमचे केस कपाळाला चिकटले, आणि गारवा काही येईना. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हारली मी." आणि हसली. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, कोण हसलं ते बघायला.

त्यानंतर ती वाट बघायला लागली. मी घरात शिरले की चप्पल काढेपर्यंत तिचा प्रश्न, "आज काय?"

संगणकाची ओळख सुरू झाली तेव्हा कॉलेजात संगणक आले होते, पण त्या खोलीत वीज जोडलेली नव्हती. सरांनी आम्हाला मैदानात नेलं. कडुनिंबाखाली एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच मशीन. उंचीनं रांग लावायची. पण बोलायचं नाही, आणि पूर्ण रांगेकडे पाहायचं नाही. फक्त उजव्या बाजूचा पाहा. तो तुमच्याहून बुटका असला तं जागा बदला. बस." आम्ही हसत, ढकलाढकली करत जागा बदलत राहिलो. सगळ्यात उंच मुलगा एकेक पाऊल सरकत टोकाला गेला. थोड्या वेळानं रांग नीट लागलेली होती आणि ती कुणी लावली हे कुणालाच सांगता येईना. "मशीनले अक्कल नसते," सर म्हणाले. "त्याले दोघंच दिसतात. तरी काम होते."

घरी मी हेच आत्याला दोऱ्याच्या रिळांवर करून दाखवलं, फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत. तिनं ते पुन्हा स्वतः केलं. मग म्हणाली, "पण त्याले दोनच दिसतात म्हणतेस, तं रांग पूर्ण लागली हे त्याले कसं समजते? ते थांबते केव्हा?"

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न वर्गात विचारला तेव्हा सर फळ्याकडे वळलेले होते. ते सावकाश मागे फिरले. "हा पुढच्या आठवड्याचा धडा आहे," म्हणाले. "कोण आहे तुझी विद्यार्थिनी?"

"आत्या आहे सर."

"काय करते?"

"ब्लाउज शिवते."

त्यांनी मान हलवली, आणखी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते मला सगळ्यात शेवटी उठवायचे. बाकीच्यांच्या घरचे प्रश्न झाले की म्हणायचे, "चाल वं, आता आत्याबाईचा सांग."

सत्र संपताना सरांनी एका रविवारी घरच्या विद्यार्थ्यांचा वर्ग बोलावला. प्राचार्यांना विचारलं नव्हतं. शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि वर्ग उघडला. आज्या आल्या, लहान भाऊ आले, एका मुलाचा वॉचमन शेजारी गणवेशातच आला, कारण त्याची ड्यूटी लगेच होती. आम्हाला सरांनी बाहेर व्हरांड्यात उभं केलं. आत्या यायला तयार नव्हती. आईनं तिला स्वतःची चांगली साडी दिली आणि गेटपर्यंत सोडायला बाबांना लावलं. बाबा गेटवरूनच परतले.

सर दारात आले. टकटक केली. "येऊ का?"

आत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मोठ्या माणसानं असं विचारावं, याचीच त्यांना लाज वाटत होती. आम्ही खिडकीतून बघत होतो. मग दुसऱ्या बाकावरून आत्याचा आवाज आला, "या सर."

त्या दिवशी करार शिकवला. आदल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की उद्या सगळे हजर राहिले तर मी गाणं म्हणेन, आणि आम्ही सगळे हजर राहिलो होतो. तोच दाखला त्यांनी आत दिला. "आता मी गाणं म्हणत नाही म्हटलं, तं हे पोरं कोर्टात जाऊ शकतात का?" वॉचमन म्हणाला, जाऊ शकतात, जबान दिली आहे. एक आजी म्हणाली, गाण्यासाठी कोणी कोर्टात जाते का. आत्या दोघांचं ऐकत होती. मग म्हणाली, "हजर राहणं तं त्यांचं कामच होतं सर. जे करायचंच होतं, त्याचा मोबदला कसा मागता येईल?"

सर टेबलाच्या कडेवर टेकले. "कायद्यात हेच विचारतात," ते म्हणाले. "याच्यावर मोठमोठे वकील भांडतात." मग म्हणाले, "करार असो नसो, शब्द तं दिला होता." आणि त्यांनी एक जुनं भजन म्हटलं. इतकं बेसूर की वॉचमननं शेवटी स्वतःच पुढचं कडवं उचललं.

सोमवारी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. ऑफिसची खिडकी उघडी होती, आम्हाला सगळं ऐकू आलं. "हे कॉलेज आहे, लग्नाचा हॉल नाही," प्राचार्य म्हणाले.

"लग्नात कोणी ऐकत नाही सर," सर म्हणाले. "इथं ऐकत होते."

त्या आठवड्यात सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "आत्याबाई पुढच्या वर्षी इथं येतात का, विचार. बारावी झाली आहे ना?"

मी घरी विचारलं. आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "नको," म्हणाले. चिडले नव्हते. "एकदा घाईघाईनं बाहेर पाठवलं तिले. काय झालं ते पाहिलं ना. आता लोकं हसतील, पोरं चिडवतील, ते सगळं तिनं काहून सोसावं? इथं काय कमी आहे तिले?" आत्या उठून मशीनवर जाऊन बसली. पण मशीनचा आवाज आला नाही. त्यानंतर कित्येक दिवस ती मला "आज काय?" म्हणाली नाही. मी सांगायला गेले तर म्हणायची, "राहू दे गं आता."

हे मी सरांना सांगितलं. त्या रविवारी सकाळी आमच्या दारात टकटक झाली. दार उघडंच होतं. सर सायकल फाटकाला टेकवून बाहेर उभे होते.

"येऊ का?"

बाबा गडबडले. या, बसा झालं. आईनं पाणी आणलं. बाबा मनातल्या मनात उत्तरांची तयारी करत असावेत, कारण ते ताठ बसले होते. पण सरांनी कॉलेजचा विषयच काढला नाही. ते आत्याकडे वळून म्हणाले, "बाई, एक काम होतं. मंगळवारी मले पोरांना संमती पुन्हा शिकवायची आहे. करार शिकवताना मी ती सांगितली होती, तुमच्या भाचीनं तुम्हाले सांगितली असेल, पण पोरांना नाही समजली. आता कशी सांगू, सुचून नाही राहिलं. समजा मले काहीच माहीत नाही. तुम्ही मले सांगा."

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, ती उठून जाईल. मग तिनं सुरुवात केली, आधी अगदी हळू. "करार म्हणजे दोघांनी हो म्हणायचं. पण नुसतं हो चालत नाही. दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थानं हो म्हणायला पाहिजे."

"म्हणजे कसं?" सर म्हणाले.

"म्हणजे मी शिवणाचं कापड म्हटलं आणि बाईनं साडी समजली, तं ते हो नाही." तिचा आवाज मोकळा होत गेला. तिनं धाक म्हणजे काय ते सांगितलं, फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं. घरातली मोठी माणसं समोर बसलेली असली आणि त्यांच्या शब्दाबाहेर जाता येत नसलं, तर तोंडातून निघालेलं हो खरं किती, हे तिनं समजावलं. उदाहरणं तिची तिनं शोधली होती, माझ्या सांगण्यात ती नव्हती. सर मध्ये मध्ये मुद्दाम चुकीचं बोलत आणि ती त्यांना दुरुस्त करी.

बाबा तिच्याकडे बघत होते. इतकी वर्षं एका घरात राहून तिला एवढं बोलताना त्यांनी ऐकलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि जिले विचारलंच नसेल, तं?"

सर जमिनीकडे बघत बसले.

"मग करारच झाला नाही, दादा," आत्या म्हणाली. आणि बोटाचा पदर सोडवत, "पण ते जाऊ दे. तू तं माझ्या भल्याचंच पाहिलं होतं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता विचारतो," ते म्हणाले. "तुले जायचं आहे का कॉलेजात?"

"हो."

"कोणाच्या म्हणण्यावरून नाही ना?"

"नाही."

सर उठले. त्यांनी ना कुणाचं अभिनंदन केलं, ना बाबांना धन्यवाद दिले. दारात चप्पल घालताना बाबांना एवढंच विचारलं, "इथं जवळ सायकलीत हवा भरून देणारा कुठी भेटन?" बाबा स्वतः त्यांच्याबरोबर चौकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा बराच वेळ झाला होता. त्यांच्यात काय बोलणं झालं, ते बाबांनी कधी सांगितलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि आत्या पहिल्याला. पोरं तिला आधी मावशी म्हणायची, मग ती त्यांच्या शंका सोडवायला लागली तेव्हा ताई म्हणू लागली. सरांनी तिला काही सूट दिली नाही. एकदा तर तिला संगणकाच्या पेपरात इतके कमी गुण दिले की ती भांडायला स्टाफरूममध्ये गेली. तासाभरानं बाहेर आली ती म्हणत, "माझंच चुकलं होतं. पण त्यांनी ऐकून घेतलं सगळं."

पुढे कॉलेजनं ओळखीचे पेपर पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांची भाषणं आधीच भरून ठेवलेली. शिकवायला माणूस लागेना, तेव्हा सरांना पुढच्या वर्षी बोलावलंच नाही. आम्ही काही जण त्यांच्या घरी गेलो. आम्ही चिडलो होतो, निवेदन द्यायचं म्हणत होतो. ते अंगणात सायकल उलटी करून पंक्चर बघत बसले होते. "ती भाषणं चांगली आहेत गा," म्हणाले. "मी पाहिली. माझ्याहून बरं शिकवतात. फक्त त्याईले कोणाच्या घरचा प्रश्न विचारता येत नाही." मग हात पुसत म्हणाले, "मले रविवार मोकळा झाला आता. अन् सोमवार ते शनिवारही."

त्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. समितीच्या लोकांनी सतरंज्या दिल्या. यायचं ज्याला त्यानं यावं, शाळा कितीही झालेली असो. सुरुवातीला आम्हीच काही जुने विद्यार्थी जाऊन गर्दी दाखवायचो. आता गर्दी दाखवावी लागत नाही. भाजीच्या दुकानातल्या बाया येतात, निवृत्त ड्रायव्हर येतात, बारावी नापास पोरं येतात. बाबासुद्धा जातात, मागे भिंतीला टेकून बसतात आणि कधी कधी डुलकी काढतात.

मी आता एका लेखापालाच्या ऑफिसात काम करते. आत्या पदवी झाल्यावर कायद्याला गेली, सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. मशीन अजून समोरच्या खोलीत आहे, पण तिच्यावर जास्त करून पुस्तकंच असतात. सरांचे गुडघे दुखतात, सायकल सुटली, ते ई-रिक्षानं येतात आणि रिक्षावाल्यालाही आत घेऊन येतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी सर आले आणि सरळ जाऊन बाबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. आत्याला म्हणाले, "आज तुम्ही." तिनं काही तयारी केली नव्हती. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि भाडेकराराबद्दल बोलू लागली, कारण समोर बसलेल्या बहुतेक बाया भाड्याच्या घरात राहत होत्या. चांगली बोलली. मग पुढे बसलेल्या एका बाईनं विचारलं, नवरा गेल्यावर भाड्याचं घर बाईच्या नावावर आपोआप होते का, कागद त्याच्याच नावाचा असेल तर? तिचा नवरा मागच्याच महिन्यात गेला होता, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

आत्या थांबली. तिनं सरांकडे पाहिलं नाही. "मला हे पक्कं माहीत नाही," ती म्हणाली. "अंदाजानं सांगितलं तर तुमचं नुकसान होईल. मी या आठवड्यात विचारून, वाचून घेते. पुढच्या रविवारी सांगते. तोवर घरमालकानं कशावर सही मागितली तर देऊ नका, आधी माझ्याकडे या."

सर मागे डोळे मिटून बसले होते, पण जागे होते.

"मंग येईन मी," बाई म्हणाली आणि सतरंजीवर थोडी पुढे सरकून बसली.